नऊच्या आत उघडणे

४ मार्च, मंगळवार

हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईने सांगितलं, रोज एक पान लिहा, मनगट सुटेल. मी विचारलं, काय लिहू? म्हणाली, मनात येईल ते. माझ्या मनात येतं ते लिहिलं तर कागद जळेल. पण वाचायला कोण मागतंय? मनगट हललं की झालं.

वही धुलाईघरातली. रुग्णालयाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं चादरी मोजल्या, उकळल्या, इस्त्री केल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी भाषण केलं आणि मी कपाटातल्या दोन कोऱ्या वह्या उचलल्या. भाषणातलं अक्षर आठवत नाही, वह्या अजून आहेत. रकाने छापलेले आहेत: तारीख, वॉर्ड, नग, शेरा. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे अक्षर असंच येणार. आज एवढंच. मनगट ठणकतंय.

शेरा: काही नाही.

५ मार्च, बुधवार

हात मोडला कसा ते लिहून टाकते, म्हणजे पान भरेल. नोव्हेंबरात न्हाणीघरात घसरले. सकाळी सातला पडले, आणि पाण्याचं मीटर बघायला बाई आली तेव्हा संध्याकाळचे सहा झाले होते. अकरा तास. वर छताला ओलीचा डाग आहे, तो पाठ झाला. एकतीस वर्षांत हरतऱ्हेचे डाग काढले, पण तो हात पोचेल अशा जागी नव्हता.

मग लांबच्या शहरातून मुलगा आला, बरोबर नात. मुलाने बॅगेतून एक चकचकीत पत्रक काढलं. वृद्धांसाठी निवास, बाग, बाकं, बाकांवर हसणारी म्हातारी माणसं. मी म्हटलं, ह्यांचे दात बघ, ही भाड्याने आणलेली माणसं आहेत. तो म्हणाला, "आई, तू पुन्हा पडलीस तर कुणाला कळणार?" मी पत्रक उलटं करून त्यावर चहाचा कप ठेवला.

मार्ग नातीने काढला. तिचा जुना लॅपटॉप मला दिला. त्यात चोरी झाली तर माग लावायची सोय आहे. लॅपटॉप उघडला की तो आपणहून निरोप पाठवतो, अमुक वाजता उघडला, अमुक जागी आहे. नात म्हणाली, "आजी, तू रोज सकाळी नऊच्या आत फक्त झाकण उघड. बाबांना कळेल तू उठलीस. नाही उघडलास तर बाबा फोन करतील. नाही उचललास तर माणूस पाठवतील."

म्हणजे चोरासाठी केलेली सोय माझ्या गळ्यात घंटा म्हणून बांधली. पण पत्रकापेक्षा घंटा बरी. तेव्हापासून एकही दिवस चुकलेला नाही. उघडते, वर नातीचा फोटो येतो, जीभ काढलेला. पत्त्यांचा एक डाव खेळते, मिटते.

गेले दोन दिवस लॅपटॉप आतून टिकटिक करतोय.

६ मार्च, गुरुवार

उघडला. टिकटिक केली, एकदा कण्हला, पडदा काळा. पुन्हा उघडला. काळा.

नऊ वाजून गेले. फोन घेऊन बसले. माझा बटणांचा फोन आहे, मुलाच्या फोनला वेगळी घंटा लावलेली. म्हटलं आता वाजेल. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं, की मी ठणठणीत आहे, यंत्राने मान टाकली आहे, पत्रक काढू नकोस.

दहा झाले. अकरा झाले. कामात असेल.

७ मार्च, शुक्रवार

वाजला नाही. फोन बिघडला की काय म्हणून चौकशीच्या नंबरला लावून बघितला. लागतो. तिकडची बाई म्हणाली, आपल्याला काय मदत करू? मी म्हटलं, काही नको, आहेस ना तेवढं बघितलं.

८ मार्च, शनिवार

नाही.

९ मार्च, रविवार

रविवारचा फोन आला. मुलगा गाडी चालवताना करतो, वळायच्या दिव्याची टकटक ऐकू येते. त्या टकटकीवरून मला कळतं किती वेळ उरला. तिसऱ्या वळणानंतर त्याचं घर येतं, मग "बरं आई, ठेवतो."

"हात कसा आहे?"

"लिहितो आता."

"काय लिहितो?"

"तुझी गाऱ्हाणी."

हसला. मग म्हणाला, निवासात एक खोली रिकामी होतेय, पूर्वेची खिडकी आहे, महिनाअखेरपर्यंत सांगायचं. मी म्हटलं, पूर्वेची खिडकी मला इथेही आहे, ती उघडायलाही येते. दुसरं वळण गेलं. मी वाट बघत होते, आता विचारील, चार दिवस लॅपटॉप का उघडला नाहीस. तिसरं वळण. "बरं आई."

मीही सांगितलं नाही. लॅपटॉप बंद पडला म्हटलं की तो म्हणणार, बघ, तुला एक झाकण उघडायला दिलं, तेही धड राहिलं नाही. आणि पूर्वेची खिडकी.

नंतर विचार केला तेव्हा उलगडलं. यंत्र उघडल्याचा निरोप पाठवतं. न उघडल्याचा कसा पाठवणार? मेलेल्या यंत्राने फोन करून सांगायचं का, मी मेलो म्हणून? निरोप आला नाही हे लक्षात यायला माणसाला आधी वाट बघावी लागते.



१० मार्च, सोमवार

दोन गल्ल्या सोडून जोड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसतो. पन्नाशी उलटलेला, डाव्या कानाने कमी ऐकतो. कुठलीही वस्तू हातात दिली की आधी तिच्यात फुंकर मारतो. मी त्याचं नाव फुंक्या ठेवलंय. लॅपटॉप दिला, त्याने कडेच्या जाळीत फुंकर मारली.

मी म्हटलं, "चहा आहे का तो?"

"काय म्हणालात, मावशी?"

"उजव्या कानात सांगते. टिकटिक करून मेला."

त्याने कान लावून ऐकलं, वॉर्डातल्या डॉक्टरसारखा. "हार्ड डिस्क गेली. आतलं सगळं तिच्यात असतं. नवीन घालावी लागेल."

"आतलं म्हणजे?"

"फोटोबिटो, तुमचे खेळ, सगळं."

"आणि चोर पकडायची सोय? तीही तिच्यातच का?"

त्याने चष्मा कपाळावर चढवला. "मावशी, एवढं काय आहे तुमच्या लॅपटॉपात, की चोर यावा?"

"पत्त्यांचा डाव," मी म्हटलं. "अर्धा राहिलाय."

गुरुवारी या म्हणाला.

१३ मार्च, गुरुवार

लॅपटॉप आणला. नातीचा फोटो गेला, आता उघडला की एक डोंगर येतो. कुठला डोंगर, कुणाचा, पत्ता नाही. वर बर्फ आहे.

सोयीचं पुन्हा विचारलं. फुंक्या म्हणाला, ते कुठे ठेवलंय त्यावर आहे. काही सोयी डिस्कवरच असतात, डिस्क गेली की त्या गेल्या. पण काही कंपन्या तिचं बी खालच्या पाटीत ठेवतात, जिला सगळे भाग जोडलेले असतात. चोर पहिलं काम करतो ते डिस्क बदलायचं, म्हणून. मग नवी डिस्क आली, इंटरनेट मिळालं, की ते बी पुन्हा उगवतं.

"ढेकणासारखं," मी म्हटलं. "गादी बदलली तरी पलंगाच्या भेगेत असतातच."

"अगदी तसंच. तुमच्यात बहुतेक पाटीतलं आहे. पण खात्रीने कसं सांगू? निरोप ज्याला जातो त्याला विचारा ना, आला का म्हणून."

"त्याला विचारायचं असतं तर तुझ्या जिन्याखाली वाकून कशाला आले असते?"

तेव्हा मग सांगावं लागलं. न्हाणीघर, अकरा तास, नऊच्या आत झाकण, पूर्वेची खिडकी. एवढं सांगायचं नव्हतं. डाव्या कानाच्या बाजूला बसले होते, म्हटलं अर्धं वाया जाईल. पण त्याने फुंकर मारायची थांबवली होती.

त्याच्या पडद्यावर टपालाची यादी दिसत होती, वरून खाली नुसत्या जाड काळ्या ओळी. मी विचारलं, ह्या एवढ्या ठळक का? म्हणाला, जाड म्हणजे न वाचलेल्या, उघडल्या की बारीक होतात. मी म्हटलं, गिऱ्हाइकांचे निरोप न वाचता लोकांच्या लॅपटॉपात फुंकर मारत बसतोस? म्हणाला, "सगळे माझा चार्जर झाला का एवढंच विचारतात, मावशी. काय वाचायचं?"

घरी येऊन लॅपटॉप उलटा केला. मोजायची सवय जात नाही. खाली दहा भोकं, दहा स्क्रू. बरोबर.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी आठ पन्नासला उघडला. डोंगर. निरोप गेला की नाही, देव जाणे.

दहाच्या सुमाराला दार वाजलं. फुंक्या, तीन जिने चढून धापा टाकत. हातात चिमटीएवढा स्क्रू. "राहिला होता, मावशी."

मी म्हटलं, दहाच्या दहा जागेवर आहेत.

"मग आतला असेल," म्हणाला. इकडेतिकडे बघितलं, न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. तिथे खाली पायपुसणं कसलं आहे, विचारलं. मी म्हटलं, तू लॅपटॉप दुरुस्त करतोस की पायपुसणी? पाणी पिऊन गेला.

यडपट माणूस. लक्ष नाही कामात. स्क्रू बटणांच्या डबीत टाकला. डबीत रुग्णांच्या सदऱ्यांची बटणं आहेत, धुण्यात सुटून आलेली. धनी सापडला नाही ती मी ठेवून घेतली.

१५ मार्च, शनिवार

आज चोरी केली. माझीच.

काल विचार करकरून ठरवलं. घरी उघडून काही कळत नाही. पण चोराने लॅपटॉप पळवला तर सोय बोंब मारते, त्यासाठीच ती केलेली आहे. तेव्हा पळवायचा. कापडी पिशवीत लॅपटॉप, वर टॉवेल, लॅपटॉपबरोबर नातीने दिलेली नेटची डबी पदराला बांधली, फोन हातात. आठला बस धरली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिले. वाहक म्हणाला, "आजी, कुठे उतरायचं?" म्हटलं, जिथे तू उतरशील तिथे.

शेवटच्या थांब्याला एक गोल आहे, बस वळवायला. पत्र्याचं छप्पर, एक बाक, एक नळ, नळाखाली शेवाळ. पलीकडे मोकळी जमीन, तिच्यात कुणीतरी जुने दरवाजे टाकलेत, पंधरा-वीस, नुसते दरवाजे. बाकावर बसले आणि नऊला तीन मिनिटं कमी असताना झाकण उघडलं. डोंगर आला.

मग फोन मांडीवर ठेवला. म्हटलं आता कळेल. माझा मुलगा सकाळी बघणार की आई घरापासून बारा थांबे लांब, कुठल्यातरी रानात. माणूस दचकतोच. फोन करील, ओरडेल. ओरडू दे. काय उत्तर द्यायचं ते ठरवलं होतं: "चोराला पकडलंय, बोलतोस का त्याच्याशी?"

एक बस आली, रिकामी झाली, गेली. दुसरी आली. आधी उतरवलं तोच वाहक. "आजी, अजून इथेच? कुणी येणार आहे का न्यायला?"

"बघतेय," मी म्हटलं.

त्याने नळावर बाटली भरली आणि माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही, घरून आणलं होतं. पाच डाव खेळले. दोन जिंकले. सव्वाअकराला ऊन बाकावर आलं, मग उठले.

परत येताना लक्षात आलं की उत्तर वाया गेलं. चांगलं होतं.

१६ मार्च, रविवार

रविवारचा फोन. आज मीच विचारलं, सरळ. म्हटलं, "लॅपटॉपचं कळतं ना रे तुला?"

टकटक. "कशाचं?"

"उघडते त्याचं. नऊच्या आत."

"हो मग. रोज बघतो गं."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज. कामावर गेलो की पहिलं तेच. कालही बघितलं ना, नऊच्या आधीच उघडला होतास. घरीच. सगळं ठीक."



"हो," म्हटलं, "घरीच होते."

मग खोलीचं काढलं त्याने. मी म्हटलं, महिनाअखेर लांब आहे. "बरं आई."

म्हणजे सोय बिघडली. उघडल्याची वेळ बरोबर जाते, जागा चुकीची जाते. शेवटच्या थांब्यावर असून घर दाखवते, म्हणजे कामातून गेली. उद्या फुंक्याला गाठते. पाटीत बी आहे म्हणे, पुन्हा उगवतं म्हणे. दीडशहाणा.

१७ मार्च, सोमवार

फुंक्याच्या दुकानात गेले ती भांडायचं ठरवूनच. जोडेवाला बाहेर येऊन बघायला लागला, त्यालाही म्हटलं, तू आत जा, तुझं उद्या.

"तुझी डिस्क खोटारडी आहे," मी म्हटलं. "मी रानात बसले होते आणि माझ्या मुलाला घर दाखवलं तिने."

"असं होणार नाही, मावशी."

"म्हणजे माझा मुलगा खोटं बोलतोय का?"

त्याने लॅपटॉप घेतला. फुंकरही मारली नाही. नातीने झाकणाच्या आत चिकटवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठीवरून निरोपाची टपालपेटी उघडली. म्हणाला, पेटी तुमच्या नावाची आहे, किल्ली मुलाकडेही असणार, कुणीही एकाने निरोप उघडला की ओळ बारीक होते. मी म्हटलं, मी कधी उघडली नाही, मला कुठे येतं.

यादी आली. तो वाचायला लागला आणि एकदम खूश झाला. "चालतंय! मावशी, बघा, चालतंय! पाटीतलंच होतं! बारा तारखेला उगवलं, इथे, दुकानात. तेरा, दुकान. चौदा, तुमचं घर, आठ पन्नास. आणि हे बघा, पंधरा तारीख, आठ सत्तावन्न, जागा बदलल्याचा इशारा, शेवटचा थांबा! लाल रंगात! म्हणजे नवी डिस्क घालूनही..."

आणि थांबला.

मीही बघत होते. मला वाचायला वेळ लागतो, पण हे वाचायचं नव्हतं. सगळ्या ओळी जाड होत्या. त्याने बोटाने यादी वर सरकवली. फेब्रुवारी, जाड. जानेवारी, जाड. तो सरकवत राहिला, मी बघत राहिले. डिसेंबर. चादरींच्या थप्पीसारख्या, एकावर एक. अगदी तळाशी चार ओळी बारीक होत्या. नोव्हेंबरातल्या. मुलगा परत गेला, त्यानंतरचे चार दिवस.

फुंक्याने पडदा जरासा आपल्याकडे वळवला. घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मावशी," म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. डिस्कचाच घोटाळा आहे. इकडे एक दिसतं आणि तिकडे मुलाला दुसरंच जातं. आणि वाचलेले निरोप पुन्हा जाड होतात. असं होतं कधीकधी. चूक माझी आहे."

दोन मिनिटांपूर्वी हाच माणूस चालतंय चालतंय करून नाचत होता.

मी म्हटलं, "तुझीच आहे. मला आधीच माहीत होतं."

"हो."

"नीट कर मग."

"करतो," म्हणाला.

जोडेवाला अजून दारात उभा होता. लॅपटॉप पिशवीत घातला. घरी आले.

हात दुखतोय. पुरे.

१८ मार्च, मंगळवार

उघडला. मिटला.

शेरा: नग एक.

२० मार्च, गुरुवार

फुंक्या आला. हातात स्क्रू. मी म्हटलं, ह्या लॅपटॉपला तू स्क्रू पाजतोस की काय? म्हणाला, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा असेल, पण तुमचा असला तर, म्हणून घेऊन आलो.

मग म्हणाला, डिस्कचा दोष त्याला इथून निघत नाही. पण एक करता येईल. निरोप पोचतो की नाही ते तपासायला दुसऱ्या एका पत्त्यावर पाठवायचा. त्याच्या दुकानाच्या. "हमीचा भाग आहे मावशी. नव्या डिस्कला तीन वर्षं हमी असते. रोज चालते की नाही, मला बघावंच लागतं."

"हे सगळ्यांना बघतोस?"

"ज्यांची डिस्क अशी आहे त्यांना."

"कितीजणांची अशी आहे?"

तो खाली बघून तारा गुंडाळायला लागला. डावा कान माझ्याकडे होता, ऐकलं नसेल.

मी म्हटलं, तुझ्या पेटीत सगळं जाड असतं. माझा निरोप त्या चार्जरवाल्यांच्या ढिगात जाईल. म्हणाला, तुमच्या निरोपाला वेगळी घंटा लावतो. नऊपर्यंत वाजली नाही तर मला कळेल.

लाव म्हटलं. हमीच आहे तर.

जाताना न्हाणीघरात एक रबराची चटई टाकून गेला. गिऱ्हाइकाने दुकानात विसरलेली म्हणे. लॅपटॉप दुरुस्त करायला न्हाणीघराची चटई घेऊन कोण जातं, ते मी विचारलं नाही.

२३ मार्च, रविवार

"आई, खोलीचं काय ठरवलंस?"

"नको."

"मग मला काळजी वाटते त्याचं काय?"

"तू रोज बघतोस ना?"

टकटक, टकटक. वळण मोठं असावं.

"बघतो," म्हणाला.

"मग झालं की."

त्याला लहानपणीही खोटं जमायचं नाही. शाळेत गेलो होतो म्हणायचा आणि चप्पल नदीच्या वाळूने भरलेली. मी चप्पल झटकायची आणि काही बोलायची नाही. तेव्हा बोलायला हवं होतं की काय, ते आता ठरवून उपयोग नाही. तीन वळणांचा रस्ता आहे, त्यात तो फोन करतो. ती तीन वळणं मी घालवणार नाही.

"गाडी नीट चालव," म्हटलं. "बरं आई."

२६ मार्च, बुधवार

आज अंथरुणातून उठायला उशीर झाला. आजारी नव्हते. नुसती पडून छताकडे बघत होते. ह्या खोलीत छताला डाग नाही. घड्याळाकडे बघितलं तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं. उठले, तोंड धुतलं, पातेल्यात चहाचं पाणी ठेवलं, आणि जिन्यावर पावलं वाजली. दोन दोन पायऱ्यांची.

दार धडधडलं. वाजलं नाही, धडधडलं.

"मावशी! मावशी!"

उघडलं. फुंक्या, घामाने निथळलेला, पायात एकच चप्पल. माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. मी म्हटलं, "काय, स्क्रू राहिला?"

त्याने खिशात हात घातला. ह्या खिशात, त्या खिशात. काही नव्हतं. आज विसरला होता.

"राहिला होता," म्हणाला. "वाटेत पडला बहुतेक."

"चप्पलही पडलीय."

त्याने पायाकडे बघितलं. मग जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. बराच वेळ धाप लागली होती. वयाला शोभेल असं चढावं माणसाने. आत बस म्हटलं, तर म्हणाला, दुकान उघडं टाकून आलोय. दुसऱ्या मजल्यावर थांबून चप्पल घातली, त्याचा आवाज आला.

पातेल्यातलं पाणी दोघांपुरतं ठेवलं होतं. का, ते मला माहीत नाही. एकटीने प्यायले.

नंतर लॅपटॉप उघडला. नऊ पंचवीस. डोंगर.

३० मार्च, रविवार

निवासातली खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली. मुलाने सांगितलं. आवाज सुटल्यासारखा वाटला, माझाही असेल. नातीची परीक्षा आहे. तिला म्हणावं, डोंगराच्या जागी तुझा फोटो पाठव, जीभ काढलेला. सांगतो म्हणाला.

३ एप्रिल, गुरुवार

व्यायामाच्या बाईने मनगट वळवून बघितलं. आता लिहिलं नाही तरी चालेल म्हणाली. वहीची अजून बरीच पानं आहेत. बघू.

आज सकाळी पावणेनऊला झाकणावर हात ठेवून बसले होते. मनात एक आलं होतं. नऊ होऊन जाऊ द्यावेत. पाच-दहा मिनिटं. पावलं येतील. पाणी दोघांपुरतं ठेवता येईल. आठ पंचावन्न झाले, अठ्ठावन्न झाले. मग त्या माणसाचे गुडघे डोळ्यांपुढे आले. तीन जिने आहेत. आणि खोटी बोंब मारून एकदा माणूस धावला की पुढच्या वेळी तो चालत येतो. धुलाईघरात आगीची घंटा अशीच निकामी झाली होती.

बटणांची डबी उघडून बघितली. लॅपटॉपला दहा भोकं, दहा स्क्रू. डबीत दोन जादा. बटणांत ठेवलेत. धनी माहीत आहे, तरी ठेवलेत.

आठ एकोणसाठला उघडला. डोंगर आला. नऊ वाजले. सव्वानऊ झाले. जिना गप्प होता. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली भरत होतं, तेवढाच आवाज.

कुणी आलं नाही.

शेरा: पोचलं.